मारहाणीनंतर महिन्यांनी मृत्यू आला, तर काय करायचं आणि कायद्यात काय मागायचं

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात मी फौजदारी कामं करते. "मॅडम, मारलं दिवाळीत, माणूस गेला पावसाळ्यात. आता खुनाचं कलम लागतं का?" हा प्रश्न घेऊन लोक येतात, बहुतेकदा उशिरा.

लागू शकतं. इंग्लंडात पूर्वी मार बसल्यापासून एक वर्ष आणि एक दिवस उलटला की खून धरत नसत. तो नियम त्यांनी 1996 मध्ये रद्द केला. आपल्या 1860 च्या दंड संहितेत असली मुदत कधी नव्हतीच, आताच्या न्याय संहितेतही नाही. उलट न्याय संहितेच्या कलम 100 ची, म्हणजे सदोष मनुष्यवधाच्या कलमाची, स्पष्टीकरणं वाचा. आधीच आजारी असलेल्याला मारून त्याचं मरण अलीकडे आणलं, तरी मरणाला मारणाराच जबाबदार. चांगले उपचार मिळाले असते तर वाचला असता, ही सबब चालत नाही. प्रसाद प्रधान विरुद्ध छत्तीसगड राज्य या खटल्यात जखमी माणूस सुमारे 20 दिवसांनी गेला होता. मध्ये दिवस गेले म्हणून आरोपीची जबाबदारी कमी होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं.

मग केस ढासळते कुठे? मधल्या महिन्यांच्या कागदांत.

सुरुवात कॅज्युअल्टीपासून. "बाथरूममध्ये पडल्या" हे वाक्य केस पेपरवर गेलं की बचाव पक्षाचं निम्मं काम झालं. आणणारा बऱ्याचदा मारणाराच असतो, म्हणून माहेरचं किंवा शेजारचं कुणीतरी तिथे उभं राहा आणि कुणी, कशाने मारलं ते एमएलसीत, म्हणजे पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीत, लिहून घ्या. कळव्याच्या रुग्णालयातून मुंबईत सायनला किंवा केईएमला हलवलं, तर रेफर चिठ्ठीवरही मारहाणीचा उल्लेख हवा. इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचारांचे कागद, मागायला लाजू नका. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने अर्ज केला की 72 तासांत द्यायचे असतात, आणि रुग्णालयाला ते तीनच वर्षं जपण्याचं बंधन आहे. सीटी स्कॅनची फिल्म घरी ठेवा, नुसता रिपोर्ट पुरत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त आठवडे आठवडे हळूहळू साचतं. मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेला माणूस जातो तो बेडसोर, जंतुसंसर्ग किंवा न्यूमोनियाने. पहिल्या दिवसाची फिल्म नसेल तर शेवटचा न्यूमोनिया एकटाच उरतो.

माणूस बोलू शकतोय तोवर तपासी अंमलदाराकडे लेखी मागा की जबाब मॅजिस्ट्रेटसमोर, नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम 183 खाली घ्या. पुढे तो मृत्युपूर्व जबाब म्हणून वाचला जाऊ शकतो, पण त्यातही एक खाच आहे. सुधाकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2000) या प्रकरणात अत्याचारानंतर साडेपाच महिन्यांनी शिक्षिकेने आत्महत्या केली, आणि तिने आधी दिलेला जबाब मृत्यूच्या कारणाशी जोडता येत नाही असं कोर्टाने ठरवलं. म्हणून एकाच जबाबावर थांबू नका. तब्येत बिघडत जाईल तसे पुरवणी जबाब घ्यायला लावा.

आता सगळ्यात नाजूक जागा. मृत्यू घरी झाला, की ओळखीचे डॉक्टर "हृदयक्रिया बंद" असा दाखला देतात आणि संध्याकाळपर्यंत जवाहर बाग स्मशानभूमीत अंत्यविधी उरकतो. रडू येत असलं तरी आधी 112 ला फोन करा, जुन्या गुन्ह्याचा नंबर सांगा, पोस्टमॉर्टेम मागा. मृत्यू मुंबईच्या रुग्णालयात झाला तर अकस्मात मृत्यूची नोंद तिथलं पोलीस ठाणं करतं आणि कागद मूळ गुन्हा नोंदवलेल्या पोलीस ठाण्याकडे येतात. ते पोचले का, हे स्वतः जाऊन विचारा. पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत जुनी एमएलसी आणि फिल्म पोलिसांमार्फत पोचवा. मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म 4 मध्ये तात्काळ कारणाखाली त्यामागचं कारण लिहायच्या ओळी असतात. "न्यूमोनिया"च्या खाली "डोक्याची जुनी इजा" आलं, तर सरकारी वकिलाला उभं राहायला जमीन मिळते.

मग वरिष्ठ निरीक्षकांना कलमवाढीचा अर्ज. दंड संहितेखालच्या जुन्या गुन्ह्यात खुनाच्या प्रयत्नाच्या 307 चं खुनाचं 302, न्याय संहितेखालच्या नव्यात 109 चं 103. दोषारोपपत्र गेलं असलं तरी घाबरू नका. निकाल लागेपर्यंत आरोप बदलता येतो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 239.

आणि रुग्ण अंथरुणावर असताना लोकअदालतीत तडजोड करू नका. साध्या दुखापतीत तडजोड झाली की कायद्याच्या लेखी आरोपी निर्दोष सुटला. हे लोकांना कुणी सांगतच नाही.

इथेच मला कायदा तोकडा वाटतो. त्याच संहितेचं कलम 337 म्हणतं की दुखापतीबद्दल शिक्षा झाली आणि जखमी नंतर मेला, तर सदोष मनुष्यवधाचा नवा खटला चालवता येतो. म्हणजे शिक्षा झालेल्याचा पुन्हा विचार आहे, तडजोडीने सुटलेल्याचा त्यात उल्लेखच नाही. परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर केईएममध्ये नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला. हल्लेखोर खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरीबद्दल सात वर्षं भोगून बाहेर पडला, तेव्हापासून अंथरुणाला खिळलेल्या अरुणाताई मे 2015 मध्ये न्यूमोनियाने गेल्या. खुनाचा खटला चालवायचा का, हा प्रश्न तेव्हा आला, आणि जवळपास 42 वर्षांनंतरचा न्यूमोनिया त्या हल्ल्याशी कोण जोडून दाखवणार, हाही.

निवेदन लिहायचं असेल तर दोनच मागण्या लिहा. तडजोडीनंतर त्याच इजेने मृत्यू आला तर 337 लागू व्हावं. आणि मारहाणीची एमएलसी असलेला माणूस ठरावीक काळात गेला, तर घरी गेला तरी पोस्टमॉर्टेम सक्तीचं असावं. हुंडाबळीच्या कलमातली, लग्नापासून सात वर्षांच्या आत मृत्यू व्हायला हवा ही अट उडवा, असं मी लिहिणार नाही. त्या कलमात कोर्ट आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरून चालतं, तिथे काहीतरी सीमा हवीच.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्य दुरुस्ती करू शकतं, पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागते. डिसेंबर 2021 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेलं, महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक त्याच उंबरठ्यावर अडलं. म्हणून एक प्रत आमदाराला, एक खासदाराला, एक विधी व न्याय विभागाला द्या. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. हसून "ठेवून जा" म्हणाले तर शिक्का मिळेपर्यंत हलू नका.