गायकाचे घर संग्रहालय होण्याआधीची तयारी

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील कोरोना या वस्तीत अमेरिकन जॅझ गायक व ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांचे घर आहे. त्यांच्या पत्नी लुसिल यांनी ते १९४३ मध्ये घेतले, आर्मस्ट्राँग १९७१ मध्ये तिथेच निवर्तले, १९८३ मध्ये लुसिलही गेल्या आणि २००३ मध्ये ते घर संग्रहालय म्हणून खुले झाले. त्या दोघांनंतर तिथे कोणाचा संसार झाला नाही, म्हणून फिरोजी रंगाचे स्वयंपाकघर आणि आरशांनी मढवलेली न्हाणी आजही जागच्या जागी आहे. आपल्याकडे एखाद्या गायकाचे घर असे जपायचे ठरले, तर रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी पुढील कामे उरकलेली असावीत.

सर्व वारसांची लेखी संमती, मालमत्ता पत्रकावरील नोंद आणि धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी ही कागदपत्रे सर्वांत आधी हाती असावीत. घर वारसा वास्तूंच्या यादीत असेल, तर दुरुस्तीची परवानगीही लागते.

त्यानंतर, एकही वस्तू हलवण्यापूर्वी, प्रत्येक खोलीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मोजमापांसह आराखडा काढावा आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन ती कुठे व कशी ठेवलेली होती हे नोंदवहीत लिहावे. घरची मंडळी प्रेमापोटी आधी साफसफाई करतात आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते. खिडकीजवळच्या फरशीचा गुळगुळीत झालेला एक तुकडा, भिंतीला तंबोरा टेकवून टेकवून पडलेला काळपट डाग, पानाच्या डब्याशेजारचे चुन्याचे ठिपके, एवढ्यावरून बुवा रियाजाला कुठे बसत हे कळते. आणि ते सारे एका ओल्या फडक्याने जाते. ज्येष्ठ शिष्यांच्या आठवणीही त्याच खोलीत बसवून ध्वनिमुद्रित कराव्यात, कारण जागा समोर असली की माणसाला तपशील आठवतात.

घर कोणत्या काळातले दाखवायचे, हे दुरुस्तीआधी ठरवावे. पाश्चात्त्य संगीतकार हँडेल लंडनच्या ब्रुक स्ट्रीटवरील २५ क्रमांकाच्या घरात १७२३ पासून १७५९ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत राहिले. त्यांचे मूळ सामान पांगले, तरी मृत्यूनंतर झालेली सामानाची यादी उपलब्ध असल्याने खोल्या त्या आधारे मांडता आल्या. जी वस्तू मूळची नाही, ती तशी नाही हे पाटीवर स्पष्ट लिहावे.

भिंती चुन्यातल्या असतील तर गिलावाही चुन्याचाच करावा. सिमेंट आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि भिंत आतून खराब होत जाते. वाळवीची तपासणी आणि वीजवाहिन्या बदलणे ही कामे त्याच वेळी करून घ्यावीत.

खरी ठेव मात्र आवाजाची असते. आर्मस्ट्राँग घरी टेपरेकॉर्डरवर संगीताबरोबर गप्पाही मुद्रित करीत आणि फितींच्या खोक्यांवर चित्रे कापून चिकटवीत. त्या फितींमधील अंश आज पाहुण्यांना त्यांच्याच खोल्यांत ऐकवले जातात. आपल्याकडील फितींना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या वेगळ्या ठेवाव्यात व त्यांचेच डिजिटल रूपांतर प्रथम करावे, कारण त्या वाफेने शेजारच्या फितीही लवकर बिघडतात. लाखेच्या जुन्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात आणि स्पिरिटने कधीही पुसू नयेत, कारण त्यात लाख विरघळते. तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवाव्यात आणि त्याला प्रखर दिव्यांखाली ठेवू नये. फीत घरची असली म्हणून ती जाहीरपणे वाजवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. भारतात रचनेचा स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, तेव्हा परवानग्या आधीच घ्याव्यात.

माडीवर एका वेळी किती माणसे सोडायची, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. उद्घाटनाची तारीख मात्र दुरुस्तीनंतर घराने एक पूर्ण पावसाळा काढल्यावरच ठरवावी. छत कुठे गळते आणि कोणती भिंत ओल धरते, हे त्या चार महिन्यांतच कळते.