जुन्या गाडीचे इंजिन : बांधून घ्यावे की बदलावे, हे कसे ठरवावे

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली, धूर मारू लागली, चढाला ओढेनाशी झाली की गॅरेजमधले एक वाक्य ठरलेले असते : "साहेब, इंजिनाचे काम निघाले." त्यानंतर मालकासमोर सहसा दोनच रस्ते ठेवले जातात, असलेले इंजिन बांधून घेणे (म्हणजे ते उघडून, झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणे) किंवा दुसरे बसवणे, आणि दोन्हींचा खर्च अंदाजपंचे सांगितला जातो. माझ्या मते हा निर्णय दोन वेळा घ्यायचा असतो : एकदा इंजिन उघडण्याआधी, आणि पुन्हा एकदा ते उघडून मोजमाप झाल्यावर, पण सुटे भाग विकत घेण्याआधी. इंजिन सुटे होऊन बाकावर पडले की गाडी दुसऱ्या गॅरेजात नेता येत नाही आणि पुढचा प्रत्येक खर्च मुकाट्याने मान्य करावा लागतो, म्हणून मिस्त्रीच्या हाती पाना देण्याआधीच पुढील गोष्टी क्रमाने पाहून घ्याव्यात.

दोष इंजिनाचाच आहे का?

सुरुवात धुरापासून करावी. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, आणि त्याचे कारण बहुधा नोझल, पंप, एअर फिल्टर किंवा टर्बोच्या (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) होजमध्ये, म्हणजे नळीत, सापडते. त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते. इंजिन तापल्यानंतरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर कूलंट जळत असल्याचे सांगतो. अशा वेळी हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या वाल्व्ह असलेल्या झाकणाला, गेलेली चीर किंवा त्याखालची हेड गॅस्केट यांचा संशय घ्यावा. निळा धूर मात्र ऑइलचा असतो आणि तो केव्हा येतो यावर सगळे अवलंबून असते. पेट्रोल गाडी आंबा घाट इंजिन-ब्रेकवर उतरून साखरप्याच्या बाजूला सपाटीला लागते आणि ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा ढग सोडते, तेव्हा उतारावर इनटेकमध्ये (हवा आत येण्याच्या वाटेत) तयार झालेल्या निर्वाताने वाल्व्हच्या सीलमधून ऑइल ओढलेले असते. हे हेडचे काम आहे, पूर्ण इंजिनाचे नव्हे. चढावर, भार असताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनभोवतीच्या रिंग आणि सिलिंडरची झीज संभवते.

डिझेल गाडीत आणखी एक आरोपी असतो, आणि तो मला स्वतःच्या गाडीमुळे कळला. एक लाख नव्वद हजार किलोमीटर झालेली माझी डिझेल हॅचबॅक कुंभार्ली घाट चढताना निळा धूर सोडू लागली आणि एका गॅरेजने पाच मिनिटांत "रिंग-पिस्टन गेले" असा निकाल देऊन टाकला. दुसऱ्या मिस्त्रीने आधी इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा होज काढला, तर त्यातून चहाचा कप भरेल इतके ऑइल बाहेर आले. होजमध्ये ऑइलचा पातळ थर असणे सामान्य असते, कपभर ऑइल असणे नव्हे. टर्बोचे सील गेले होते. टर्बो दुरुस्त झाला आणि इंजिन आजही न उघडता चालते आहे. (असा टर्बो तसाच रेटणे धोक्याचेही असते, कारण डिझेल इंजिन गळणाऱ्या ऑइलवरच स्वतःहून सुसाट धावू लागते आणि मग चावी काढूनही बंद होत नाही.)

त्यासोबत ऑइलचा खप वहीत मांडावा. डिपस्टिकवर वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरून हजार किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा त्या खुणेपर्यंत येण्यासाठी किती घालावे लागले ते लिहावे. हजार किलोमीटरला पाव लिटर ऑइल खाणारी जुनी गाडी ऑइल घालत घालत आणखी काही वर्षे आनंदाने चालवता येते. दीड लिटर खाणारी गाडी निर्णय मागते.

उघडण्याआधीची मोजमापे

कॉम्प्रेशन टेस्टचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब तयार करतो हे मोजण्याचा, खर्च पूर्ण कामाच्या तुलनेत किरकोळ असतो, तरीही बहुतेक मालक ती मागत नाहीत आणि बहुतेक गॅरेजे ती स्वतःहून करत नाहीत. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब साधारण दहा ते चौदा बार, म्हणजे १५० ते २०० पीएसआयच्या आसपास असतो, तर डिझेलमध्ये तो पंचवीस बारच्या पुढे जातो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच पाहावा. एकूण आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला असते. चारही सिलिंडर थोडे थोडे उतरलेले असतील तर ती वयाची झीज होय, आणि तीन चांगले व एक पडलेला असेल तर दोष एका जागी आहे. पेट्रोल इंजिनात पडलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), नाही वाढला तर वाल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडले असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट उडाली असण्याची शक्यता अधिक असते.

लीक-डाउन टेस्टची सोय असेल तर तीही करून घ्यावी. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरतात आणि ती कुठून सुटते ते कानाने ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट वाल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक वाल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट किंवा चीर. यंत्र नसेल तर निदान एवढे करावे : इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण फिरवून सोडावे आणि तिथेच तोंडावर उलटे ठेवावे. किंचित थरथर चालते. झाकण उडून बाजूला पडत असेल आणि आतून धूर भसाभस येत असेल तर रिंगमधून दाब खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत, निसटत आहे.

आणखी एक मोजमाप गरम इंजिनाच्या ऑइल प्रेशरचे. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबून न राहता गेज लावून ते घ्यावे. प्रेशर उतरलेले असेल आणि खालून खोल, जड ठोके ऐकू येत असतील, तर प्रश्न क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा) आणि बेअरिंगचा आहे आणि तो वरवरच्या कामाने सुटणार नाही.

उरलेली गाडी त्या खर्चाला साजेशी आहे का?

गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिल्याशिवाय इंजिनावर एक रुपयाही लावू नये. किनारपट्टीवर राहिलेल्या गाडीच्या बाबतीत तर हीच पहिली तपासणी मानावी. मालवण-वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत पंधरा पावसाळे काढलेल्या गाडीचा रंग वरून चकचकीत असतो आणि दाराखालचा सिल किंवा सस्पेन्शनची बैठक पेचकसाच्या टोकाने खचते. अशा गाडीत नवे इंजिन म्हणजे वाळवी लागलेल्या घराला नवी कौले. गिअरबॉक्स, क्लच, स्टिअरिंग रॅक यांचा उरलेला खर्चही याच वेळी कागदावर उतरवावा.

सुट्या भागांचा विचारही इथेच करावा. फियाटच्या मूळ आराखड्याचे १,२४८ सीसी डिझेल इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा अनेक गाड्यांत बसवले गेले, त्यामुळे त्याचे भाग आणि ते ओळखणारे हात आजही गावोगावी आहेत. याउलट शेवरोलेची विक्री २०१७ मध्ये थांबली आणि फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्यांचा एखादा सेन्सर शोधण्यात किती दिवस जातील, याचा अंदाज काम सुरू करण्याआधीच घ्यावा.

नोंदणीची तारीखही पाहावी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी ती वाढते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण पुढच्या वर्षावर आले असेल तर तो खर्च इंजिनाच्याच हिशेबात धरावा.

उघडल्यावर थांबावे

इथवरची उत्तरे इंजिनाकडेच बोट दाखवत असतील तर ते उघडण्यास परवानगी द्यावी, पण फक्त उघडण्यास. "उघडून, मोजून, आकडे दाखवल्याशिवाय एकही पार्ट आणायचा नाही" हे आधी स्पष्ट बोलून घ्यावे आणि फक्त खोलण्याची मजुरी वेगळी ठरवावी, म्हणजे काम तिथेच थांबवायची वेळ आली तरी कोणाचे नुकसान होत नाही.

मग स्वतः जाऊन पाहावे. सिलिंडरच्या वरच्या कडेला आतून नख फिरवल्यास जिथे रिंगचा प्रवास संपतो तिथे पायरी लागते. नख अडकण्याइतकी ती असेल तर झीज खरी आहे. भिंतीवरच्या होनिंगच्या (मुद्दाम बारीक घासकामाने पाडलेल्या) तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा अजून दिसत असतील तर बोअर बऱ्यापैकी शाबूत आहे, आणि आरशासारखी चकाकी आली असेल तर ऑइल धरून ठेवायला तिथे काही उरलेले नाही. नखाच्या साक्षीवर मात्र निर्णय घेऊ नये. लेथवाल्याकडून बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मोजून घ्यावा आणि आकडे लिहून मागावेत. क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने, हेडची सपाटी सरळ पट्टी आणि फीलर गेजने, आणि हेडमधली चीर प्रेशर टेस्टने तपासली जाते.

झीज मर्यादेत असेल तर होनिंग, नव्या रिंग, नवे बेअरिंग आणि वाल्व्हचे काम एवढ्यावर भागते. बोअर अंडाकृती झाला असेल तर रीबोअर करून पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन घालावा लागतो. काही आधुनिक इंजिनांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही, म्हणून ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) लेथवर चढवण्याआधी पिस्टन खरोखर हातात पडला पाहिजे. क्रँक आधीच एक-दोनदा ग्राइंड झालेला असेल, ब्लॉकला चीर असेल किंवा तुटलेल्या कनेक्टिंग रॉडने ब्लॉकला भोक पाडले असेल, तर बांधणीचा विचार तिथेच सोडून द्यावा.

एक प्रश्न या टप्प्यावर मिस्त्रीला विचारलाच पाहिजे : हे इंजिन मेले कशाने? रेडिएटर गाळाने भरला होता, पाण्याचा पंप गळत होता की ऑइल वर्षानुवर्षे बदलले नव्हते? कारण तसेच राहिले तर बांधलेले काय आणि बदललेले काय, दोन्ही इंजिने त्याच वाटेने जातील.

दुसरे इंजिन घ्यायचे झाल्यास

कंपनीचे हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन जुळवून आलेला संच, मिळत असेल तर तो सर्वांत निर्धोक आणि बहुधा सर्वांत महाग असतो. त्याखालोखाल कुर्ल्यापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंतच्या बाजारांत मिळणारे वापरलेले इंजिन. ते किती चालले आहे हे विक्रेता सांगेल तेवढेच असते, म्हणून चालवून दाखवले नाही तर निदान कॉम्प्रेशन मोजू द्यावे, ही अट घालावी. ऑइलच्या झाकणाखाली काळा गोळा साचलेला किंवा दुधाळ साय जमलेली असेल तर परत फिरावे. इंजिन क्रमांक घासलेला असेल तर भावाची चर्चासुद्धा करू नये, कारण ते इंजिन चोरीच्या गाडीचे असू शकते. पक्के बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत हवीच. वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणि इंजेक्टरचे कोडिंग आपल्या गाडीशी जुळते का, हे बसवणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे.

कागदोपत्री फरक मोठा आहे. बांधलेल्या इंजिनाचा ब्लॉक तोच राहत असल्याने क्रमांकही तोच राहतो. ब्लॉक बदलला की क्रमांकाचा प्रश्न येतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलण्यासाठी आरटीओची मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला, आणि कोणत्याही स्थितीत विमा कंपनीला, हा बदल कळवावा. ही नोंद नसलेली गाडी पुढे विकताना अडते आणि अपघाताच्या दाव्यात वाद निर्माण करते.

आकडा मांडावा

खर्चाची तुलना गाडीच्या पूर्ण किमतीशी केली जाते, ती चूक आहे. तुलना करावी ती चालू गाडी आणि बंद गाडी यांच्या किमतीतल्या फरकाशी. समजा, गाडी चालू स्थितीत अडीच लाखांना आणि बंद स्थितीत ऐंशी हजारांना जाईल. फरक एक लाख सत्तर हजारांचा. बांधणीचा अंदाज एक लाख दहा हजार असेल तर त्यात पंचवीस टक्के भर घालावी, कारण उघडल्यावर काहीतरी निघतेच. म्हणजे १,३७,५०० रुपये. हे इंजिन पुढे ऐंशी हजार किलोमीटर चालेल असे धरले, तर किलोमीटरला सुमारे १.७२ रुपये पडतात. वापरलेले इंजिन बसवून पंचाऐंशी हजारांना पडले, पण त्याच्याकडून चाळीस हजार किलोमीटरच्या पुढची अपेक्षा करता येत नसेल, तर किलोमीटरला सुमारे २.१३ रुपये. स्वस्त वाटणारा पर्याय इथे महाग ठरतो. मात्र गाडी वर्षभरच ठेवायची असेल तर हाच हिशेब उलटतो. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत, आपले आकडे दोन गॅरेजांकडून लेखी घ्यावेत. दोन्ही पर्यायांचा खर्च त्या फरकाच्या वर जात असेल, तर गाडी आहे तशी विकावी किंवा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी.

बांधायचे ठरल्यास बिलावर प्रत्येक भागाचा पार्ट नंबर, हमीची मुदत आणि किलोमीटर लिहून घ्यावेत, आणि जुने भाग परत मागावेत. हेडचे बोल्ट एकदाच ताणले जाणारे असतील तर नवेच लागतात, आणि नेमकी तिथेच काटकसर होते. इंजिन सुरू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर जास्त भार आणि एकाच वेगात लांब पल्ला टाळावा, त्यानंतर ऑइल पांढऱ्या ट्रेमध्ये काढून उन्हात पाहावे. बारीक चंदेरी झाक चालते. बोटाला लागतील असे धातूचे तुकडे दिसले तर ते ऑइल बाटलीत भरून, बिल घेऊन, त्याच दिवशी गॅरेज गाठावे.