सेंट्रल लाइन टाकताना डायलेटरआधी काय तपासावं

सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली लांब नळी) टाकताना मानेतल्या शिरेऐवजी कॅरोटिड धमनीत सुई गेली, तर ती काढून १० मिनिटं दाबून धरल्यावर बहुतेक वेळा निभावतं. तिथेच डायलेटर (नळीसाठी वाट रुंद करणारी जाड, निमुळती नळी) गेला तर रक्तस्राव, श्वासनलिकेवर दाब, पक्षाघात यांपैकी काहीही होऊ शकतं. म्हणून खरी तपासणी गाइडवायर (सुईतून आत घातलेली, नळीला वाट दाखवणारी लवचिक तार) आणि डायलेटर यांच्या मधल्या मिनिटात करायची.

रक्ताच्या रंगावर विसंबू नका. रक्तदाब आणि ऑक्सिजन घसरलेल्या रुग्णात धमनीतलं रक्तही काळपट आणि संथ येतं. गाइडवायर गेली की सोनोग्राफीचा प्रोब आधी आडवा, मग उभा धरा आणि वायरचा माग कॉलरबोनपर्यंत घ्या. शिरेची मागची भिंत भेदून वायर धमनीत शिरलेली असू शकते. वरच्या एकाच जागी पाहिलं तर हे सुटतं. तरीही शंका असेल तर वायरवरून बारीक कॅन्युला (प्लॅस्टिकची छोटी पोकळ नळी) सरकवा, वायर काढा, निर्जंतुक नळी जोडून ती रक्ताने भरू द्या आणि उभी धरा. शिरेत असाल तर रक्ताची पातळी खाली उतरून श्वासाबरोबर हलते.

डायलेटर फक्त शिरेपर्यंतची वाट रुंद करण्यापुरता घाला, पूर्ण लांबीभर नाही. वायर त्याच्यातून मोकळी सरकत राहिली पाहिजे; अडली तर जोर लावू नका.

एवढं करूनही डायलेटर किंवा कॅथेटर (लाइनची नळी) धमनीत गेलाच, तर घाईने ओढून काढू नका. तो जागीच ठेवा आणि व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनला बोलवा. हा क्षण घाबरवणारा असतो, पण तिथे ओढून दाबणं जिवावर बेतू शकतं.

वायर फार आत गेली की मॉनिटरवर ठोके बिघडतात. लगेच थोडी मागे घ्या. प्रौढात १८ सेंमीपुढे सहसा गरज नसते. वायरचं टोक शेवटपर्यंत हातात असू द्या.

मानेत किंवा कॉलरबोनखाली लाइन टाकताना डोकं खाली ठेवा आणि उघड्या हबवर (सुई किंवा नळीच्या बाहेरच्या तोंडावर) बोट ठेवा, नाहीतर श्वास घेताना हवा आत ओढली जाते. अचानक धाप लागून रक्तदाब कोसळला तर हब बंद करा, रुग्णाला डोकं खाली ठेवून डाव्या कुशीवर वळवा, १०० टक्के ऑक्सिजन द्या. लाइन काढतानाही हाच धोका असतो, तेव्हा रुग्णाला झोपवून, श्वास सोडताना काढा आणि हवाबंद ड्रेसिंग लावा.

एका बाजूचा प्रयत्न फसला तर छातीचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी केल्याशिवाय दुसऱ्या बाजूला टोचू नका. दोन्हीकडे न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा साठून ते आकसणं) झाला तर रुग्ण हातचा जाऊ शकतो.