दोन दूरच्या शहरांमधील हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

हवाई अंतर मोजताना सपाट नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीगोल घ्यावा. टोकियो आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये गोलावर दोरा ताणून धरला, की तो अलास्कावरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग असून त्याला बृहद्वृत्त मार्ग म्हणतात. त्याची लांबी सुमारे १०,८५० किलोमीटर भरते. याउलट, दोन्ही शहरे साधारण एकाच पट्ट्यात आहेत म्हणून अक्षांश न सोडता सरळ पूर्वेकडे गेल्यास हेच अंतर १२,८०० किलोमीटरच्या घरात जाते.

गोल हाताशी नसेल, तर गणित करावे. दोन्ही शहरांच्या अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. मग त्यांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतील फरकाच्या कोसाइनने गुणावे आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करावी. ही बेरीज ज्या कोनाची कोसाइन असेल, तो कोन अंशांत घेऊन १११ ने गुणला की किलोमीटर मिळतात. दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरायचे, एवढे मात्र विसरू नये. बहुतेक चुकीची उत्तरे तिथेच तयार होतात. वरच्या जोडीसाठी कोन साधारण ९७.६ अंश येतो.

वेळेचा अंदाज त्यामानाने सोपा आहे. लांब पल्ल्याची जेट विमाने ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात, म्हणून अंतराला ९०० ने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. येथे साडेबारा तास येतात. वेळापत्रकातील आकडा याहून थोडा मोठा दिसतो, कारण विमान फलाटावरून हलल्यापासून दुसऱ्या फलाटाला लागेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो.

खरा फरक वारा पाडतो. मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात आणि हिवाळ्यात ते अधिक जोरकस होतात. त्यामुळे न्यूयॉर्कहून लंडनला जाण्यास साधारण सात तास पुरतात, परतीला मात्र तासभर जास्त लागतो. म्हणून जाण्याचा वेळ दुप्पट करून येण्या-जाण्याचा हिशेब मांडणे मला धोक्याचे वाटते. शिवाय सर्वांत जवळचा मार्ग नेहमी खुला असतोच असे नाही: २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला.

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापलेली असते, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. दोन्ही वेळा आधी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत बदलाव्यात. हिवाळ्यात टोकियो तिच्या ९ तास पुढे आणि न्यूयॉर्क ५ तास मागे असते. समजा, विमान टोकियोहून सकाळी ११ वाजता सुटून त्याच तारखेला सकाळी १० वाजता न्यूयॉर्कला पोहोचणार आहे. यूटीसीनुसार ते रात्री २ वाजता निघून दुपारी ३ वाजता पोहोचते, म्हणजे प्रवास १३ तासांचा ठरतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळे तासभर पुढे केली जातात आणि टोकियोची नाहीत, त्यामुळे यूटीसीतील फरक प्रवासाच्या तारखेचाच पाहावा.