कस्टम गिटारची ऑर्डर देण्याआधी

लाकडाचा विचार नंतर, आधी मापं. रोझवूड घ्यायचं की महोगनी यावर लोक महिनोन्महिने खल करतात आणि नेक (गिटारची मान) किती रुंद हवा हे कारागिराने विचारलं की अडखळतात. लाकडाची निवड थोडी इकडेतिकडे झाली तरी गिटार चांगलीच वाजेल; माप चुकलं तर ती कोपऱ्यात उभी राहील.

तेव्हा जी गिटार हाताला सगळ्यात सोयीची वाटते ती घ्या, आपली नसली तरी चालेल, आणि कॅलिपरने (जाडी-रुंदी अचूक मोजायचं साधन) मोजा. नटची (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) रुंदी, नटपाशी पहिल्या (सगळ्यात बारीक) आणि सहाव्या (सगळ्यात जाड) तारेमधलं अंतर, सॅडलपाशी (बॉडीवर तारा अडकवतात त्या ब्रिजवरची पट्टी) तेच अंतर, पहिल्या आणि नवव्या फ्रेटपाशी (नेकवरची धातूची आडवी पट्टी) नेकची जाडी, आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. स्केल मोजताना नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा. थेट सॅडलपर्यंत मोजलं तर आकडा चुकतो, कारण सूर बरोबर लागावेत म्हणून सॅडल तिरकं आणि किंचित मागे बसवलेलं असतं.

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारचा नट साधारणपणे ४३, ४४.५ किंवा ४६ मिलिमीटरचा असतो. फरक कागदावर नगण्य दिसतो, डाव्या हाताला लगेच कळतो. अंगठा वरून आणून सहावी तार दाबणाऱ्याला ४३ बरा. बोटांनी वाजवणाऱ्याला ४४.५ किंवा त्याहून मोठा. मात्र नट रुंद मागितला आणि सॅडलवरचं अंतर सांगायचं राहिलं, तर कारागीर आपल्या नेहमीच्या मापाने ब्रिज करतो आणि उजव्या हाताला तारा दाटीच्या लागतात. दोन्ही आकडे एकाच ओळीत लिहा. पिकने वाजवायचं असेल तर सॅडलपाशी ५४-५५ मिलिमीटर पुरतात, बोटांनी वाजवायचं असेल तर ५७ च्या आसपास ठेवा.

स्केल ठरवण्याआधी आपण कोणत्या ट्यूनिंगमध्ये आणि कोणत्या जाडीच्या तारांवर वाजवतो ते नक्की करा. स्केल आखूड असेल, म्हणजे ६३० मिलिमीटरच्या आसपास, तर त्याच तारा त्याच सुराला मऊ लागतात आणि बेंड (तार बाजूला ओढून सूर चढवणं) सोपे जातात. पण डी-ए-डी-जी-ए-डीसारखं (सहाव्या ते पहिल्या तारेचे सूर) उतरतं ट्यूनिंग लावलं की खालच्या तारा सैल पडून फ्रेटवर खरखरतात. त्यासाठी ६४५ किंवा थोडं अधिक बरं. १२-५३ च्या सेटचा (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच, सगळ्यात जाड ०.०५३ इंच) एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो, आणि टॉपची (पुढची फळी) जाडी व आतलं ब्रेसिंग (आधाराच्या पट्ट्या) कारागीर हा ताण धरूनच तासतो. हलक्या तारांसाठी केलेल्या गिटारवर पुढे १३ चा सेट चढवला तर ब्रिजच्या मागे टॉप फुगतो आणि ॲक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) वर जाते. म्हणून तारांचा सेटही ऑर्डरमध्ये लिहायचाच.

आवाजाबद्दल बोलताना 'वॉर्म', 'ब्राइट' हे शब्द टाळा. प्रत्येकाचा अर्थ वेगळा. त्याऐवजी सध्याच्या गिटारचं काय खटकतं ते नेमकं सांगा: सातव्या फ्रेटच्या पुढे तिसरी तार दबते, खर्जाचे सूर एकमेकांत मिसळतात, हळू वाजवलं की आवाजच उठत नाही. कारागिरासमोर बसून दहा मिनिटं नेहमीसारखं वाजवा, लांब असेल तर हात दिसतील असा व्हिडिओ पाठवा. हलक्या हाताला सीडरचा टॉप पटकन प्रतिसाद देतो, पण तो मऊ असतो, नखाचेही वळ उठतात. जोरात पिक मारणाऱ्याला सिटका किंवा ॲडिरोंडॅक स्प्रूस अधिक झेपतं. एकाच जातीच्या दोन फळ्याही सारख्या वाजत नाहीत, त्यामुळे जात तुम्ही सांगा आणि फळी त्याला निवडू द्या.

गिटार घेऊन परदेशी जाणार असाल तर सगळ्या लाकडांची शास्त्रीय नावं असलेली यादी सही करून मागा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइटिसच्या (संकटातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे आणि कागदपत्रांशिवाय सीमेवर अडकतं. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली.

पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बसवायचा की नाही हे आत्ताच ठरवा. सॅडलखालच्या पिकअपला खाचेचा तळ अगदी सपाट लागतो, जॅकसाठी (वायर जोडायची जागा) शेवटच्या ब्लॉकमध्ये (बॉडीच्या तळाचा लाकडी ठोकळा) सुमारे १२ मिलिमीटरचं भोक लागतं. प्रीॲम्पसाठी (पिकअपचा संकेत वाढवणारं यंत्र) बाजूची फळी कापायला आम्ही सुचवणार नाही. डावखुऱ्यांनी नुसतं 'लेफ्टी' म्हणू नये. नट, सॅडलचा तिरकेपणा, नेकच्या कडेचे ठिपके आणि ब्रेसिंग सगळंच उलटं हवं असं लिहावं. निकेलची ॲलर्जी असेल तर फ्रेट निकेल नसलेल्या धातूचे मागा, नेहमीच्या फ्रेटच्या धातूत निकेल असतं. फ्रेंच पॉलिश पातळ आणि देखणं, पण घामाने उतरतं. हात घामट असतील तर दुसरं फिनिश घ्या. नायट्रो लॅकर नीट सुकायला काही आठवडे लागतात, म्हणून कार्यक्रमाच्या तारखेसाठी घाई करू नका.

वाट पाहण्याच्या काळात घरात हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं साधन) लावून नोंदी ठेवा. बहुतेक कारागीर ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत काम करतात. तुमच्या कारागिराची कार्यशाळा किती टक्क्यांवर असते ते विचारा. आर्द्रता ४० च्या खाली टिकली तर टॉप आक्रसून खाली बसतो, तारा खरखरतात, फ्रेटची टोकं बोटांना बोचतात आणि शेवटी तडा जातो. ६० च्या वर लाकूड फुगतं. खोली सांभाळता येत नसेल तर गिटारच्या केसमध्ये (पेटीत) ठेवायच्या आर्द्रतेच्या पुड्या आधीच आणून ठेवा.

करारात आगाऊ रक्कम, हप्ते आणि कोणता बदल कधीपर्यंत चालेल हे हवं. बाजू वाकवल्या की बॉडीचा आकार पक्का, फ्रेटच्या खाचा कापल्या की स्केल पक्का. नवी गिटार काही महिने ताणाखाली बसत जाते, तेव्हा पहिला सेटअप (नेक, तारांची उंची वगैरेची जुळणी) कोणाच्या खर्चाने होणार तेही लिहून घ्या. नेकचा जोड बोल्टचा की डव्हटेल (खाचेत अडकवून चिकटवलेला) हेही विचारा, कारण पुढे नेक रिसेट करायची (काढून, कोन सुधारून पुन्हा बसवायची) वेळ आली तर बोल्टचं काम सोपं जातं. केस बॉडीच्या मापाने आधीच सांगा. वेगळ्या आकाराची बॉडी बाजारातल्या केसमध्ये डुगडुगते.

गिटार आली की खोका चोवीस तास बंदच ठेवा, थंडीतून एकदम उबेत काढलं तर फिनिशला बारीक भेगा पडू शकतात. मग बाराव्या फ्रेटपाशी तारांची उंची मोजा, पहिली तार २ आणि सहावी २.५ मिलिमीटरच्या आसपास असावी, आणि हे आकडे तारखेसह ऑर्डरच्या कागदावरच लिहून ठेवा.