घरातल्या ऑर्किडची कुंडी मृगाआधी भरून घ्या

सध्या कोकणात आंब्या-फणसाच्या खोडांवर सीतेची वेणी हे रानटी ऑर्किड फुललेलं दिसेल. मुळं उघडी, खाली माती नाही, खत-पाणी कोणी देत नाही. येत्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस याच मुळांवर कोसळेल आणि तरी ती कुजणार नाहीत, कारण दोन सरींच्या मध्ये वारा लागला की सुकतात. घरात खिडकीशी ठेवलेलं फॅलेनॉप्सिस, म्हणजे घरोघरी दिसणारं ऑर्किड, मात्र आठवड्याला पेलाभर पाण्यावरही आषाढात कुजतं. कुंडीतलं मिश्रण ओलं राहतं, मुळांभोवती हवा उरत नाही, आणि बंद घरात हवेतच इतका दमटपणा असतो की चार-चार दिवस काही सुकत नाही. म्हणून कोकणात मिश्रण निवडताना ते पाणी किती धरतं यापेक्षा किती लवकर सोडतं हे आधी पाहा.

फुलं गळून गेली असतील आणि मुळांना हिरवी, टोकदार नवी वाढ दिसत असेल, तर कुंडी बदलायला रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे 25 मेपासूनचा पंधरवडा चांगला. जुनं मिश्रण बोटांत दाबल्यावर भुसभुशीत होऊन चुरतं, किंवा झाडाला विकत आणल्यापासून हात लागलेला नाही, अशा कुंड्या आधी घ्या. मृग लागून पावसाने जोर धरला की कापलेल्या मुळांच्या जखमा सुकत नाहीत. तेव्हा राहिलेली कामं ऑक्टोबरवर टाकलेली बरी. अपवाद एकच: मुळं किंवा मिश्रण कुजत असेल तर मुहूर्त पाहू नका.

पाच इंची कुंडीचं प्रमाण

एवढ्या कुंडीला साधारण एक लिटर मिश्रण लागतं. 100 मिलीचा पेला घ्या आणि मोजा: पाइनच्या सालीचे तुकडे 4 पेले, लाकडी कोळसा 3, सोडणाचे (नारळाच्या बाहेरच्या तंतुमय सालीचे) तुकडे 2, मंगलोरी कौलाचे किंवा भाजक्या विटेचे तुकडे 1. सगळ्याचा आकार 10 ते 15 मिलिमीटर, म्हणजे चण्यापेक्षा मोठा आणि सुपारीपेक्षा लहान. मिश्रण चाळणीतून काढा आणि खाली पडलेला चुरा झेंडू-जास्वंदीला घाला. ऑर्किडच्या कुंडीत तो मूठभर गेला तरी फटी बुजतात. पाइनची साल मिळाली नाही तर कोळसा 5, सोडण 3, कौल 2 असं करा. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत मात्र हवा कोरडी असते, तिथे कोळशाचा एक पेला कमी करून सोडणाचा एक वाढवा.

हे प्रमाण फॅलेनॉप्सिसचं. ऑर्किडच्या बाकी जातींपैकी डेंड्रोबियमला सोडण निम्मं करा आणि कुंडी चार इंची ठेवा; मोठ्या कुंडीत ते हमखास नासतं. ऑन्सिडियमची मुळं बारीक असतात, त्याला तुकडे 5 ते 10 मिलिमीटरचे. वांडाला मिश्रणच नको, रिकामी टोपली पुरे.

सोडण: घरचं आहे म्हणून बेफिकीर राहू नका

परसात ढीग पडलेला असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. शहाळ्याचं हिरवं सोडण घेऊ नका, ते लवकर कुजतं आणि त्यातून काळपट-तपकिरी रस सुटतो. पिकून वाळलेल्या नारळाचंच घ्या. खाडीच्या पाण्यात भिजवलेलं, काथ्यासाठी सडवलेलं सोडण तर मुळीच नको. त्यात मीठ मुरलेलं असतं. समुद्राकाठच्या माडांच्या साध्या सोडणातही सोडियम आणि पोटॅशियम बरंच असतं. ते धुतल्याशिवाय वापरलं की नव्या मुळांची टोकं काळी पडतात, आणि लोक समजतात पाणी जास्त झालं.

कोयत्याने दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. बादलीत 24 तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा भरा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं येईल. तीन-चार वेळा केल्यावर ते जवळजवळ नितळ येतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर शेवटच्या पाण्याचा आकडा तुमच्या नळाच्या आकड्याच्या शंभरभर पीपीएमच्या आत यायला हवा. त्यानंतर कृषी सेवा केंद्रात मिळणारं कॅल्शियम नायट्रेट लिटरला 4 ग्रॅम घालून त्यात रात्रभर ठेवा. धाग्यांना चिकटून बसलेलं सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतं. सकाळी एकदा स्वच्छ धुवा. वापरण्याआधी उकळतं पाणी ओतून निवू दिलंत तर आत लपलेल्या बारीक गोगलगायी आणि त्यांची अंडीही जातात. मुळांची कोवळी टोकं रात्रीतून कुरतडली जातात ती बहुतेक यांचीच करामत.

कोळसा साध्या लाकडाचा किंवा करवंटीचा चालतो. शेगडीसाठी ठोकळे करून विकतात तो नको, त्यात चिकटवण्याचा पदार्थ असतो. काळी धूळ पूर्ण जाईपर्यंत धुवा. विटांचे तुकडे घेताना जुन्या भिंतीचा चुना किंवा सिमेंट चिकटलेलं नाही ना ते पाहा. आणि शोभेसाठी किनाऱ्यावरून आणलेले गोटे, शिंपले कुंडीत टाकू नका. शिंपल्यांतून चुना सुटतो, गोट्यांबरोबर मीठ येतं. कोकोपीट, शेणखत, गांडूळखत, माती यांतलं काहीच घरातल्या फॅलेनॉप्सिसला लागत नाही.

कुंडी भरताना

झाड अर्धा तास पाण्यात ठेवा, मुळं लवचिक होतात आणि मोडत नाहीत. बाहेर काढल्यावर मुळांच्या गाभ्यात बोट घालून पाहा. घाटावरून किंवा परराज्यातून येणाऱ्या झाडांत तिथे मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळक्या शेवाळाचा गोळा असतो, कधी प्लास्टिकच्या जाळीत. वरचं मिश्रण कोरडं दिसतं आणि आत हा गोळा पिळल्यावर पाणी गळतं. पावसाळ्यात झाडं मरण्याचं हे मोठं कारण. चिमट्याने धागा-धागा करून सगळा काढा, जाळी कापून टाका.

मूळ दाबून पाहा. भरीव, मग ते पिवळट असलं तरी, ठेवायचं. दाबल्यावर पोकळ लागतं आणि ओढलं की साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते, ते मेलेलं. ज्योतीवर तापवून निववलेल्या कात्रीने कापा, फक्त कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावा. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही सुकतात. बाजूला भोकं असलेली कुंडी घ्या, मुळं जेमतेम मावतील एवढीच. रात्रभर भिजवून निथळलेलं मिश्रण मुळांमध्ये सोडत जा आणि कुंडी बाहेरून हाताने ठोका. अंगठ्याने दाबू नका, नाहीतर चाळून मिळवलेल्या फटी तुम्हीच बंद कराल. खोडाचा बुडखा मिश्रणात पुरू नका. झाड हलत असेल तर काडीला बांधा, कारण हलत्या झाडाचं नवं मूळ टोकाशीच घासून मरतं.

तीन दिवस पाणी नाही. त्यानंतर माडाचा हीर (झावळीच्या पात्याची काडी) मिश्रणात तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढून गालाला लावा. गार लागला तर थांबा, कोरडा लागला तर पाणी द्या. मेमध्ये हे दोन-तीन दिवसांनी होईल, श्रावणात पाच-सहा दिवसांनी. सात दिवसांनंतरही हीर गारच लागत असेल तर मिश्रण बारीक झालंय किंवा खोलीत वारा नाही; टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून दिवसाचे काही तास लावून पाहा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.

मेअखेरीस किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात. ते पाणी ऑर्किडला देऊ नका, टीडीएस 200 पीपीएमच्या आत असलेलं बरं. पावसाला सुरुवात झाली की पहिल्या दोन-तीन सरी कौलं धुऊन जाऊ द्या, मग पागोळीखाली बादली लावा. खत कुंडी भरल्यावर तीन आठवड्यांनी सुरू करा: 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, दर दुसऱ्या पाण्याला. महिन्यातून एकदा नुसतं पाणी भरपूर ओतून क्षार धुऊन काढा, कोळसा ते साठवून ठेवतो.

मिश्रणावर पांढरी बुरशी किंवा चिलटं दिसली तर साल कुजायला लागली आहे, औषधाची फवारणी करून भागणार नाही. पावसाळ्यातच ती कुंडी रिकामी करा आणि तेवढ्यापुरतं कोळसा आणि कौलाच्या तुकड्यांतच झाड बसवा, अर्धं-अर्धं. ऑक्टोबरात पुन्हा पूर्ण मिश्रण भरता येईल.