अंगावर उठणारे पित्त इंग्रजीत कसे लिहावे

नाशिकला पंचवटीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू लेकीकडे अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांच्या ॲलर्जीच्या औषधांचे टिपण इंग्रजीत करून देण्याचे काम माझ्याकडे आले. ‘अंगावर पित्त उठते’ या तक्रारीपुढे कोणीतरी आधीच ‘ॲसिडिटी’ असे लिहून ठेवले होते. तिकडच्या डॉक्टरांनी ते वाचून पोटाचाच विकार समजला असता. वास्तविक या पित्ताचा जळजळीशी संबंध नाही. त्या खाजणाऱ्या लाल गांधींना इंग्रजीत ‘हाइव्ज’ आणि वैद्यकीय परिभाषेत ‘अर्टिकेरिया’ म्हणतात.

म्हणून शब्द शोधण्याआधी रुग्णाला नेमके काय होते, हे विचारून घ्यावे. नाक गळणे म्हणजे ‘रनी नोज’ आणि चोंदणे म्हणजे ‘ब्लॉक्ड नोज’. हा भेद जपावा, कारण सेटिरिझिनसारख्या गोळीने शिंका आणि गळणे जितके आटोक्यात येते, तितके चोंदलेले नाक मोकळे होत नाही. ‘दम लागतो’ याचे ‘ब्रेथलेसनेस’ होते, ‘अस्थमा’ नव्हे. दम्याचे निदान डॉक्टरांनी केले असेल तरच तो शब्द लिहावा. गोळीने गुंगी येत असेल तर ‘ड्राउझिनेस’, चक्कर येत असेल तर ‘डिझिनेस’.

औषधाचे व्यापारी नाव परदेशात उपयोगी पडेलच असे नाही. पाकिटावर छापलेले मूळ औषधाचे नाव आणि मात्रा जशीच्या तशी उतरवावी. काकूंच्या ‘रात्रीच्या एका गोळीत’ लेव्होसेटिरिझिन 5 मिलिग्रॅम आणि मॉन्टेलुकास्ट 10 मिलिग्रॅम अशी दोन औषधे निघाली. दोन्ही स्वतंत्र लिहिली. अमेरिकेसाठी लिहिताना दम्यासाठीच्या सालब्युटामॉलच्या पंपाला ‘अल्ब्युटेरॉल’ आणि तीव्र ॲलर्जीत टोचल्या जाणाऱ्या ॲड्रेनॅलिनला ‘एपिनेफ्रिन’ म्हणावे लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

सर्वांत जास्त वेळ मी ‘पेनिसिलिन चालत नाही’ या एका वाक्यावर घालवला, आणि तो घालवायलाच हवा. ‘चालत नाही’ म्हणजे पोट बिघडते, की पुरळ उठते, की ओठ सुजून श्वास अडतो? पहिला बहुधा दुष्परिणाम असतो; तिसरा जिवावर बेतू शकतो. काकूंना विचारले, तेव्हा वीस वर्षांपूर्वी इंजेक्शननंतर लगेच ओठ सुजल्याचे त्यांनी सांगितले. ते तसेच, काळासह, कागदाच्या पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिले, नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासून घेतले आणि त्याची एक प्रत त्यांच्या पासपोर्टच्या पिशवीत ठेवली.